धुक्यात भोंगा कसा द्यावा आणि ऐकलेल्या भोंग्यावर काय करावे

समुद्रात समोरचे दिसेनासे झाले की जहाजाने कोणता आवाज, किती वेळ आणि किती अंतराने करायचा, हे जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी केलेल्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी ३५ व्या नियमात ठरवून दिलेले आहे. १५ जुलै १९७७ पासून अमलात असलेले हे नियम महाकाय टँकरला जसे लागू आहेत, तसेच हर्णै किंवा मालवणहून निघालेल्या मासेमारी नौकेलाही लागू आहेत. नौवहनाची परीक्षा देणारे विद्यार्थी ३५ वा नियम तोंडपाठ करतात. तरीही प्रत्यक्ष वॉचवर, म्हणजे जहाजावरच्या पहाऱ्याच्या पाळीत, त्याचा वापर करताना गोंधळ उडतो, कारण पाठांतरात संकेतांची यादी टिकते आणि त्या संकेतांतून काय कळते व काय कळत नाही हा भाग निसटतो. आपण कोणत्या प्रकारचे जहाज आहोत आणि कोणत्या स्थितीत आहोत, एवढेच धुक्यातला भोंगा सांगतो. आपण नेमके कुठे आहोत, कोणत्या दिशेला तोंड आहे, पुढे कुठे वळणार आहोत, यांपैकी काहीही तो सांगत नाही. भोंगा देताना आणि त्याहूनही अधिक तो ऐकताना ही मर्यादा धरूनच वागावे लागते.

संकेत केव्हा सुरू करावेत

अपुरी दृश्यता म्हणजे केवळ दाट धुके नव्हे. विरळ धुके, हिमवर्षाव, मुसळधार पाऊस, वाळूचे वादळ आणि तत्सम कोणतेही कारण नियमाच्या व्याख्येत बसते. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर, जिथे लॅब्राडोरच्या थंड प्रवाहावर गल्फ स्ट्रीमकडची उबदार, दमट हवा येते, तिथे धुके नित्याचे असते. इराणच्या आखातात शमाल वाऱ्याबरोबर उठलेली धूळ तेच काम करते, आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यातली एखादी जोरदार सर काही मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्या नौका पुसून टाकते. सर पंधरा मिनिटांत ओसरेल म्हणून भोंगा न देण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते, पण टक्कर व्हायला पंधरा मिनिटे लागत नाहीत. दिवस आणि रात्र असा फरकही या बाबतीत नियम करत नाही.

किती मैलांपर्यंत दिसेनासे झाले म्हणजे संकेत सुरू करायचे, याचा आकडा नियमात दिलेला नाही. अनेक जहाजांवर तो कप्तानाच्या स्थायी आदेशांत लिहिलेला असतो आणि तो पाळावाच. जिथे तसा आदेश नसेल तिथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचे बाजूचे तांबडे-हिरवे दिवे किमान ३ सागरी मैलांवरून दिसावेत अशी अट आहे. तेवढ्या अंतरावरचा दिवा आपल्याला दिसणार नाही अशी शंका आली, की संकेत सुरू करण्याची वेळ झाली असे धरावे. लवकर सुरू केलेल्या भोंग्याने झालेच तर कोणाची तरी झोप मोडते.

नियमाची भाषा अपुऱ्या दृश्यतेच्या क्षेत्रात ‘किंवा त्याच्या जवळ’ अशी आहे, आणि हा दुसरा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. आपण स्वच्छ हवेत आहोत, चांदणे पडले आहे, पण दोन मैलांवर धुक्याची भिंत उभी आहे, अशा वेळी त्या भिंतीतून बाहेर पडणाऱ्या जहाजासाठी आपणही भोंगा द्यायचा असतो. २५ जुलै १९५६ च्या रात्री नँटकेट बेटाच्या दक्षिणेला आंद्रेआ दोरिया हे इटालियन प्रवासी जहाज धुक्यातून भोंगे देत येत होते. समोरून येणाऱ्या स्टॉकहोम या स्वीडिश जहाजावरील वॉच अधिकाऱ्याच्या मते त्याच्या भोवतीची हवा स्वच्छ होती, त्यामुळे त्या जहाजाने धुक्याचे संकेत दिलेच नाहीत. दोघांनीही एकमेकांना रडारवर पाहिले होते. शेवटच्या मिनिटांत एक डावीकडे आणि दुसरे उजवीकडे वळले आणि टक्कर झाली. एकंदर ५१ माणसे दगावली, आणि आंद्रेआ दोरिया दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. रडारवर जहाज दिसत असले तरी त्याच्याभोवतीचे धुके रडार दाखवत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

साधने आणि त्यांची तयारी

१२ मीटर किंवा त्याहून लांब नौकेवर भोंगा, २० मीटरपासून पुढे भोंगा आणि घंटा, आणि १०० मीटरपासून पुढे त्याशिवाय गाँग (ठोकून वाजवायची धातूची थाळी), अशी साधनांची अट ३३ व्या नियमात आहे. गाँगचा आवाज घंटेपेक्षा इतका वेगळा हवा की ऐकणाऱ्याची गल्लत होऊ नये. घंटा आणि गाँगच्या जागी तसाच आवाज काढणारे विद्युत उपकरण चालते, मात्र हाताने वाजवण्याची सोय कायम ठेवावी लागते.

भोंग्याचा स्वरही जहाजाच्या लांबीवर ठरतो. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याची मूळ कंपनसंख्या ७० ते २०० हर्ट्‌झ, ७५ ते २०० मीटरच्या दरम्यान १३० ते ३५० हर्ट्‌झ आणि ७५ मीटरपेक्षा लहान जहाजाची २५० ते ७०० हर्ट्‌झ असते. म्हणूनच खर्जातला भोंगा ऐकला की समोर मोठे धूड आहे एवढा अंदाज कान बांधू शकतो. सर्वांत मोठ्या जहाजाचा भोंगा साधारण २ मैल, मधल्या वर्गाचा दीड मैल आणि २० ते ७५ मीटर लांबीच्या नौकेचा १ मैल ऐकू जावा असे धरलेले आहे. हे आकडे वारा नसलेल्या हवेचे आहेत. वारा जोराचा असला किंवा ऐकणाऱ्याच्या भोवती इंजिनाचा गोंगाट असला, तर पल्ला पुष्कळच घटतो.

भोंगा गरजेच्या वेळी वाजला नाही तर या ज्ञानाचा उपयोग नाही, म्हणून बंदर सोडण्यापूर्वी तो वाजवून पाहावा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या भोंग्याच्या नळीत साचलेले पाणी काढून टाकावे, कारण पाणी साचलेला भोंगा पहिल्या वेळी नुसता गुरगुरतो. आपोआप भोंगा देणारा टायमर असेल तर त्याचे अंतर घड्याळ लावून तपासावे आणि हाताने द्यायचे बटण किंवा दोरी कुठे आहे हे वॉचवरच्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे.

धुके जवळ येताना दिसले की भोंग्याबरोबरच बाकीची कामेही उरकावीत. कप्तानाला कळवावे, इंजिन तत्काळ वेग बदलता येईल अशा तयारीत आणावे, सुरक्षित वेगावर यावे, दिवस असला तरी नौवहनाचे दिवे लावावेत, सुकाणू हाती घेण्यासाठी माणूस उभा करावा, आणि शक्य असेल तर एक टेहळ्या जहाजाच्या पुढच्या टोकावर पाठवावा, जिथे इंजिनाचा आवाज सर्वांत कमी असतो.

कोणी कोणता आवाज करावा

आखूड भोंगा सुमारे १ सेकंदाचा आणि लांब भोंगा ४ ते ६ सेकंदांचा असतो. घाईत लांब भोंगा दोन-तीन सेकंदांवर तुटतो आणि ऐकणाऱ्याला तो आखूड वाटतो, म्हणून सवय होईपर्यंत मनात पाचपर्यंत सावकाश मोजावे. भोंग्याचे सर्व संकेत जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने द्यायचे असतात. ही मर्यादा वरची आहे, त्यापेक्षा लवकर देण्यास आडकाठी नाही, आणि दुसरे जहाज जवळ असेल तर लवकरच द्यावा.

इंजिनावर चालणारे आणि पाण्यातून पुढे सरकत असलेले जहाज एक लांब भोंगा देते. तेच जहाज नांगरलेले, बांधलेले किंवा रुतलेले नसूनही थांबलेले असेल आणि पाण्यातून अजिबात सरकत नसेल, तर त्याने दोन लांब भोंगे द्यायचे असतात, मध्ये सुमारे २ सेकंदांची उसंत ठेवून. इंजिन बंद केले म्हणजे जहाज थांबले असे होत नाही. भरलेले मोठे जहाज इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ पुढे जात राहते. तोवर एकच लांब भोंगा द्यावा आणि गती पूर्ण संपल्याची खात्री झाल्यावरच दोनावर यावे. दोन लांब भोंगे ऐकणारा समोरचे जहाज उभे आहे असे समजून आपला मार्ग ठरवणार असतो, हे विसरू नये. उलट, भरती-ओहोटीच्या ओढीने जमिनीच्या तुलनेत वाहत असलेले पण पाण्यातून न सरकणारे जहाजही थांबलेलेच धरले जाते. टायमरचा धोका इथेच आहे: जहाज थांबते, माणसे रडारकडे धावतात आणि यंत्र इमाने इतबारे एक लांब भोंगा देत राहते.

पुढचा संकेत सर्वांत जास्त प्रकारच्या जहाजांचा आहे. ताबा सुटलेले जहाज, केबल टाकणे किंवा गाळ काढणे अशा कामामुळे हालचालीवर मर्यादा आलेले जहाज, खोल बुडामुळे ठरलेल्या मार्गाबाहेर जाऊ न शकणारे जहाज, शिडावर चालणारी नौका, मासेमारी करत असलेली नौका, आणि दुसऱ्याला ओढणारे किंवा ढकलणारे जहाज, या सर्वांनी एक लांब आणि लगेच दोन आखूड भोंगे द्यावेत. नांगरावर राहून मासेमारी करणारी नौका आणि नांगरावर राहून केबल टाकण्यासारखे काम करणारे जहाज यांनीही घंटेऐवजी हाच संकेत द्यायचा असतो. मासेमारी करत असलेली नौका याचा अर्थ जिची जाळी, ट्रॉल (नौकेमागे ओढायचे मोठे जाळे) किंवा दोर तिच्या हालचालीला अडवतात ती. मागे गळ ओढत जाणारी नौका किंवा मासे घेऊन बंदराकडे परतणारा ट्रॉलर या व्याख्येत येत नाही, त्याने साध्या यांत्रिक नौकेसारखा एक लांब भोंगा द्यावा.

ओढले जाणारे जहाज, आणि अशी अनेक असतील तर त्यांतले शेवटचे, त्यावर माणसे असल्यास एक लांब आणि तीन आखूड भोंगे देते, आणि जमेल तेव्हा ओढणाऱ्याच्या संकेतापाठोपाठ देते, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही टोके कळतात आणि मधल्या दोरावर कोणी चढत नाही. ढकलणारे आणि ढकलले जाणारे जहाज एकमेकांना घट्ट जखडलेले असतील तर ते एकच यांत्रिक जहाज मानले जाते.

नांगरावरच्या जहाजाने जास्तीत जास्त १ मिनिटाच्या अंतराने सुमारे ५ सेकंद घंटा भराभर वाजवावी. जहाज १०० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर घंटा पुढच्या भागात वाजवून लगेच मागच्या भागात तितकाच वेळ गाँग वाजवावा, त्यामुळे जवळ येणाऱ्याला नांगरलेल्या जहाजाचा विस्तार समजतो. कोणी फारच जवळ येत आहे असे वाटले तर आखूड, लांब, आखूड असा भोंगाही देता येतो. रुतलेल्या जहाजाने हीच घंटा वाजवावी, पण तिच्या आधी आणि नंतर तीन-तीन सुटे, स्पष्ट ठोके द्यावेत. कर्तव्यावरची पायलट नौका (जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटला नेणारी नौका) आपल्या नेहमीच्या संकेताशिवाय चार आखूड भोंगे देऊ शकते.

ज्यांनी मोर्सची लिपी शिकली आहे त्यांना यातले बरेचसे वेगळे पाठ करावे लागत नाही. लांब-आखूड-आखूड म्हणजे डी, आणि आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत डी चा अर्थ ‘माझ्यापासून दूर राहा, मला हालचाल करणे अवघड जात आहे’ असा आहे. दोन लांब म्हणजे एम, ‘माझे जहाज थांबलेले आहे आणि पाण्यातून सरकत नाही’. चार आखूड म्हणजे एच, ‘माझ्या जहाजावर पायलट आहे’. मात्र एका लांब भोंग्याला ही युक्ती लावू नये. मोर्समध्ये तो टी होतो आणि संहितेत टी चा अर्थ जोडीने ट्रॉलिंग करणाऱ्या नौकांशी संबंधित आहे.

एक आखूड म्हणजे उजवीकडे, दोन आखूड म्हणजे डावीकडे, तीन आखूड म्हणजे इंजिन मागे, हे वळणाचे संकेत फक्त एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांसाठी आहेत. रडारवर दिसणे म्हणजे दिसणे नव्हे. धुक्यात केवळ रडार पाहून उजवीकडे वळलात तर आखूड भोंगा देऊ नये.

ऐकण्याचे काम

भोंगा देणे हे अर्धे काम झाले, आणि माझ्या मते सोपे अर्धे. ऐकणाऱ्याने दोन भोंग्यांमधल्या शांततेत कान द्यावा लागतो. आपलाच भोंगा संपल्यावर कान काही क्षण बधिर असतात, म्हणून टेहळ्या भोंग्याच्या अगदी खाली उभा करू नये. जहाज जिथून चालवतात त्या बंदिस्त, वातानुकूलित ब्रिजवर बाहेरचा आवाज येतच नाही. पूर्ण बंद ब्रिज असलेल्या जहाजांवर बाहेरचे संकेत आत ऐकवणारी आणि त्यांची दिशा सुचवणारी यंत्रणा समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेसाठीच्या आंतरराष्ट्रीय सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणानुसार असावी लागते. ती चालू आहे का आणि तिचा आवाज कोणी कंटाळून कमी केला आहे का, हे पाहावे. तरीही बाहेर उघड्यावर माणूस ठेवणे अधिक भरवशाचे. टायमरवर चालणारी दोन जहाजे एकाच लयीत आली तर दोघांचे भोंगे एकाच वेळी वाजतात आणि कोणालाच दुसऱ्याचा ऐकू येत नाही, यासाठी अधूनमधून अंतर मुद्दाम बदलावे.

आवाज ऐकू आला तरी त्याच्या दिशेवर विसंबू नये. वाऱ्याचा वेग आणि हवेचे तापमान उंचीनुसार बदलते, त्यामुळे आवाज वर किंवा खाली वाकतो. जवळचा भोंगा ऐकू न येण्याचे आणि दूरचा स्पष्ट येण्याचे प्रकार यामुळेच घडतात. भोंगा क्षीण ऐकू आला म्हणून जहाज दूर आहे असे मानणे हा त्याचाच दुसरा सापळा. वेळेचा हिशेबही करून पाहावा: दोन जहाजे १२-१२ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातले २ मैल ५ मिनिटांत संपतात, आणि दर २ मिनिटांनी दिलेला भोंगा तेवढ्या वेळात दोन किंवा फार तर तीनदाच ऐकू येतो.

२९ मे १९१४ रोजी सेंट लॉरेन्स नदीत एम्प्रेस ऑफ आयर्लंड आणि नॉर्वेचे कोळसावाहू स्टोरस्टाड यांनी धुके येण्यापूर्वी एकमेकांचे दिवे पाहिले होते. धुके मध्ये आल्यावर एम्प्रेसने इंजिन मागे फिरवल्याचे तीन आखूड भोंगे दिले, पुढे थांबल्याचे दोन लांब भोंगेही दिले. तरीही स्टोरस्टाड त्याच्या उजव्या बाजूत घुसले, एम्प्रेस सुमारे १४ मिनिटांत बुडाले आणि १,०१२ माणसे गेली. कोण कुठे वळले याविषयी चौकशीत दोन्ही जहाजांनी वेगवेगळे सांगितले. भोंगे मात्र दोन्हीकडून ऐकले गेले होते.

ऐकल्यावर काय करावे

आपल्या जहाजाच्या मध्यातून आडवी रेघ ओढली आणि तिच्या पुढच्या बाजूने दुसऱ्याचा भोंगा आल्यासारखा वाटला, तर १९ व्या नियमानुसार, टकरीचा धोका नाही असे ठरवता आले नसेल तेव्हा, सुकाणूला दाद देण्यापुरता किमान वेग ठेवावा, गरज पडल्यास जहाज पूर्ण थांबवावे आणि धोका टळेपर्यंत अत्यंत सावधपणे चालावे. नुसत्या आवाजावरून सुकाणू फिरवू नये. वळायचे असेल तर त्याला रडारवरच्या पद्धतशीर नोंदींचा आधार हवा, आणि तेव्हाही पुढून येणाऱ्या जहाजासाठी डावीकडे वळणे टाळावे, आपण त्याला मागून ओलांडत असू तेवढा अपवाद सोडून. बाजूला किंवा मागे असलेल्या जहाजाच्या दिशेने वळणेही टाळावे.

मासेमारी नौकेवरच्या तांडेलांसाठी आणि शिडाच्या नौकांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नौका एकमेकांना दिसत असताना यांत्रिक जहाजाने त्यांना वाट द्यायची असते, पण तो अग्रक्रम धुक्यात लागू होत नाही. लांब-आखूड-आखूड असा भोंगा दिल्याने समोरच्याला आपली अडचण कळते, वाटेचा हक्क मिळत नाही. १९ वा नियम सर्वांवर सारखाच आहे.

लहान नौकांनी काय करावे

१२ मीटरपेक्षा लहान नौकेवर वरचे संकेत बंधनकारक नाहीत, पण जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने कोणता तरी परिणामकारक आवाज करणे बंधनकारक आहे. १२ ते २० मीटरच्या नौकेला नांगरावर किंवा रुतल्यावर घंटेची सक्ती नाही, तिथेही दुसरा आवाज २ मिनिटांनी करावाच लागतो. वायूच्या डब्यावरचा हातभोंगा उत्तम, पण डबा संपतो, म्हणून तोंडाने वाजवायचा भोंगाही जवळ असावा. काही नसेल तर लोखंडी भांड्यावर लोखंड आपटावे. लाकडी आणि फायबरच्या नौका रडारवर क्षीण दिसतात, तेव्हा शक्य तितका उंच रडार परावर्तक लावणे भोंग्याइतकेच महत्त्वाचे आहे. मोठ्या जहाजांच्या मार्गात असाल तर तिथून बाहेर, जिथे त्यांना पुरेसे पाणी नाही अशा उथळ भागाकडे सावकाश सरकावे.

घाबरून भोंगा अखंड दाबून धरणे ही लहान नौकेवर हमखास होणारी गोष्ट आहे. धुक्याचा संकेत देणारे कोणतेही साधन सतत वाजवत राहणे हा याच नियमांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाचा संकेत आहे. त्यामुळे मदतीला येणारे जहाज नेमके आपल्या दिशेने वळेल, आणि तेही दिसत नसताना.

धुके विरळ झाल्यावर पहिल्या मोकळ्या फटीत भोंगा बंद करू नये. धुक्याच्या पट्ट्यांमध्ये अशा फटी असतातच, आणि आपण बाहेर पडलो तरी पट्टा मागे जवळच असतो. ठरलेले अंतर सर्व बाजूंना दिसू लागल्यावर आणि पट्टा पुरेसा मागे पडल्यावर कप्तानाच्या परवानगीने संकेत थांबवावेत, सुरू आणि बंद केल्याच्या वेळा लॉगबुकात लिहाव्यात, इंजिनरूमला कळवावे आणि पुढच्या टोकावरच्या टेहळ्याला परत बोलावून घ्यावे.